मुलींचे आरोग्य आणि ज्ञातीचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील महिला-सभेत केलेले भाषण)



संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत या भाषणाचा विषय छापून आला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस प्रेमाने बाजूस बोलावून म्हटले, 'विषय चांगला आहे. पण तो दवाखान्यात शोभतो, ज्ञातिगृहाच्या व्यासपीठावर नव्हे.' त्यांच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे, आणि त्यांच्यासारखेच अनेकांना वाटत असेल याचीही जाणीव आहे. म्हणून हा विषय येथेच का मांडावयाचा, हे प्रथम सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर गुणगौरवाचा समारंभ चालला होता. दहावीला उत्तम गुण मिळविलेली आपल्यातील एक मुलगी पारितोषिक घेण्यास पुढे आली, आणि ते हाती पडण्यापूर्वीच भोवळ येऊन खाली बसली. कोणी कांदा हुंगविला, कोणी पाणी शिंपडले. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले सकाळपासून पोटात काही नसेल. एका आजीबाईंनी दृष्ट काढण्याचीही सूचना केली. पुढल्या आठवड्यात रक्त तपासले, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन आठाच्याही खाली असल्याचे आढळले. या वयाच्या मुलीला ते किमान बारा तरी असावयास हवे. तिची आई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'वर्षभर ती दमते दमते म्हणत होती. आम्हांला वाटले, अभ्यासाचा कंटाळा.'

त्या दिवशी पारितोषिक देणाऱ्यांत आम्हीही होतो. मुलीचे गुणपत्रक आम्ही वाचले होते; तिचा फिकुटलेला चेहरा समोर असून आम्हांस दिसला नाही. ही चूक एकट्या आईची नव्हे, ती आपणां सर्वांची आहे, आणि सर्वांची चूक सर्वांच्या घरातच बोलली पाहिजे. ज्ञातिगृह हे आपणां सर्वांचे घर आहे.

मुलींच्या शरीराचा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात नवा नाही. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले होते. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. स्वदेशी परतल्यावर १८८७ साली क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची बावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी, अजाणतेपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्यापेक्षा तुरुंगवास पत्करीन, असे त्या बाणेदार स्त्रीने न्यायालयास सांगितले. पुढे विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. त्या दोघींच्या काळानंतर कायद्याने हळूहळू पाऊल टाकले. १८९१ साली संमतिवय बारा झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. १९४९ साली ते पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. २००६ साली बालविवाह-प्रतिबंधाचा नवा कायदा झाला. मुलींसाठी एकवीस वर्षांची मर्यादा सुचविणारे विधेयक २०२१ साली लोकसभेत आले होते. ते संमत न होताच २०२४ साली लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. अर्थात अठरा हीच आजची मर्यादा होय.

या साऱ्या कालखंडात ठिकठिकाणच्या ज्ञातिसंस्थांनी शिक्षणाचे काम मनापासून केले. वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, हुंड्याविरुद्ध ठराव केले. आपल्याही पूर्वसूरींनी ते केले आणि त्याची फळे आज आपण चाखीत आहोत. परंतु मुलीच्या डोक्याची काळजी घेताना तिच्या देहाची काळजी आपण तिच्या आईवर सोपविली, आणि आईला तरी ते ज्ञान कोणी दिले होते? जे तिच्या आईने कुजबुजत सांगितले, तेच तिने लेकीला कुजबुजत सांगितले.

आता परिस्थिती काय आहे ती पाहू. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली भारतातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५४.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. पुढील पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ५९.१ टक्क्यांवर गेले. देशात धान्य वाढले, शाळा वाढल्या, रस्ते वाढले. आणि मुलींचे रक्त मात्र घटले! हा रोग गरिबाच्याच घरी असतो, अशीही समजूत नको. दोन वेळचे जेवण मिळणे निराळे आणि त्या जेवणातील लोह अंगी लागणे निराळे.

हे असे का होते? बारा ते सोळा या वयात मुलगी झपाट्याने वाढते आणि वाढत्या देहाला अधिक रक्त लागते. त्याच सुमारास तिची मासिक पाळी सुरू होते व दरमहा लोह खर्ची पडते. जमेची बाजू मात्र तोकडीच राहते. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतील लोह देहात फार थोडे शोषले जाते. मांस-मासळीतील त्याहून अधिक शोषले जाते. त्यातून जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय ते शोषण आणखी कमी करते. घरात शेवटी जेवणारी आई आणि 'वजन वाढेल' म्हणून अर्ध्या पोळीवर उठणारी मुलगी, दोघीही एकाच वाटेने जातात. उपवासांचे म्हणाल तर व्रताला आमचा विरोध नाही. पण वाढत्या वयाच्या मुलीने आठवड्यातून दोन-दोन दिवस साबुदाण्यावर काढावे, हे कोणत्या देवाला आवडेल?

उपाय कठीण नाहीत. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असू द्यावा. त्यांतील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. मोड आलेली कडधान्ये, हरभरे, अळिवाचे लाडू, आणि चालत असल्यास मासे व मांस मुलीच्या पानात मुलाइतकेच वाढावे. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. मात्र एकदा रक्तक्षय झाला की केवळ गूळ-शेंगदाण्यांनी तो भरून निघत नाही; तेथे औषधच हवे. शाळांतून आठवड्यास एकदा लोह व फोलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते, आणि वर्षातून दोनदा जंताचे औषधही. आपल्याकडील अनेक मुली ती गोळी दप्तरात घालून घरी आणतात व केराच्या टोपलीत टाकतात, कारण 'तिने मळमळते' असे कोणीतरी सांगितलेले असते. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. शौचास काळे होते, त्याला भिण्याचे कारण नाही. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे औषध अनेक महिने घ्यावे लागते आणि बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडता येत नाही.

आता ज्या विषयामुळे ज्येष्ठांना संकोच वाटला, त्याकडे वळू. १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांचे गडचिरोलीतील एक संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे स्त्रीचा गुण समजला जातो. त्या गुणाची किंमत या दोन आकड्यांत मांडलेली आहे. पुढे राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' ही शिबिरे सुरू केली. त्यांत देह, मन आणि जबाबदारी या तिन्हींविषयी मोकळेपणाने बोलले जाते.

ज्या मुलीला पाळीविषयी आधी काही सांगितलेले नसते, तिला पहिल्या दिवशी आपल्याला काही भयंकर रोग झाला असे वाटते. आपल्या आजींच्या काळी न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवीत. त्या कौतुकापाठोपाठ लग्नाची घाई असे, म्हणून ती चाल गेली ते बरेच झाले; पण कौतुक गेले आणि विटाळ तेवढा मागे राहिला. पाळी हा विटाळ नव्हे. तो देहाचा नित्य व्यापार होय. पहिल्या काही वर्षांत ती अनियमित असू शकते. एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचे अंतर त्या वयात सर्वसामान्य समजतात. परंतु पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागले, किंवा दर महिन्याला शाळा बुडावी इतके दुखू लागले, तर 'लग्न झाले की बरे होईल' असे म्हणू नये, डॉक्टरांकडे जावे. कापड वापरले तरी चालते, मात्र ते साबणाने स्वच्छ धुऊन उन्हात वाळविले पाहिजे. लाजेपायी माळ्यावर किंवा दुसऱ्या कपड्याखाली दमट ठेवलेले कापड रोगाला आमंत्रण देते. सूर्यप्रकाश फुकट आहे. लाज मात्र महाग पडते.

येथे आपल्या स्वतःच्या घरातील एक गोष्ट बोलून टाकतो. आपल्या ज्ञातिगृहात मुलींसाठी जे शौचगृह आहे, त्याच्या दाराची कडी कित्येक महिने तुटलेली आहे आणि आत झाकणाची टोपली नाही. या वास्तूच्या रंगरंगोटीसाठी आपण उदार हस्ते देणग्या दिल्या. त्या कडीसाठी एकही अर्ज आला नाही, कारण जिला तिची गरज होती तिला अर्ज करण्याची सोय नव्हती.

'हे सारे मुलींना शिकविले तर त्या बिघडतील' असा आक्षेप घेतला जातो. त्याला आम्ही मराठवाड्यातील एका प्रयोगाने उत्तर देतो. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील पाचोड येथे तेथील आरोग्य-व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग काढला. शाळा सुटलेल्या मुलींवर त्यात विशेष लक्ष होते. सोमवार ते शुक्रवार, सायंकाळी एक तास, असा तो वर्षभर चाले. सुमारे सव्वादोनशे पाठ होत. शिकविणाऱ्या बाई बाहेरून आणलेल्या विदुषी नव्हत्या. किमान सातवी शिकलेल्या त्याच गावच्या स्त्रिया होत्या. आरोग्य, आहार, कायदा, बँकेचा व्यवहार, आपले म्हणणे वडिलांपुढे नीट कसे मांडावे, असे विषय असत, आणि आईवडिलांना आरंभापासून विश्वासात घेतलेले असे. परिणाम काय झाला? त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. ज्या मुलीचे लग्न वर्षभर लांबते, तिचे पहिले बाळंतपण लांबते, कदाचित एक इयत्ता अधिक होते आणि तिच्या हाडामांसाला एक वर्षाची वाढ मिळते. त्या मुली बिघडल्या नाहीत. त्या बोलू लागल्या, आणि त्यांच्या वडिलांनी ऐकले.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर महाराष्ट्राचा आकडाही सांगतो. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ साली २६.३ टक्के होते. २०१९-२१ साली ते २१.९ टक्के झाले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. आपल्या ज्ञातीत असे घडत नाही, अशी ग्वाही छातीवर हात ठेवून कोण देईल?

आणखी दोन गोष्टी ज्ञातिसंस्थेच्या थेट कक्षेत येतात. पहिली गोष्ट थॅलसेमियाची. हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. ज्याच्या अंगी त्याचे एकच सदोष बीज असते, तो वाहक मनुष्य बहुधा निरोगी दिसतो; पण आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला गंभीर विकार होण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे २५ टक्के असते. अशा मुलास जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. पिढ्यान्पिढ्या ठराविक कुळांतच सोयरीक करणाऱ्या समाजांत दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. वधूवर-सूची छापणाऱ्या संस्थेने हे न सांगणे म्हणजे पत्रिकेतील मंगळ पाहून रक्तातील दोष न पाहण्यासारखे आहे. साधी रक्ततपासणी पुरते. वाहक असणे हा कलंक नव्हे आणि त्यावरून कोणाचे लग्न अडू नये. वेळीच कळले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचा मार्ग निघतो.

दुसरी गोष्ट गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच आढळतो, आणि त्याला बहुतांशी कारणीभूत असणाऱ्या विषाणूवर लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली अशी लस २०२२ साली मंजूर झाली. नऊ ते चौदा हे तिचे उत्तम वय. जगातील नव्वद टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत ही लस मिळावी, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०३० सालासाठी ठेवले आहे. मुलीच्या कानातल्यांचा विचार आपण तिच्या बारशापासून करतो. या लसीची चौकशी तिच्या नवव्या वर्षी करावयास काय हरकत आहे?

केवळ उपदेश करून बसणे आमच्या महिला शाखेस मान्य नाही. म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली : रविवारी सकाळी हे सभागृह रिकामे असते. तेथे बारा ते अठरा वर्षांच्या मुलींचा दोन तासांचा वर्ग वर्षभर चालावा. ज्ञातीतील डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका आणि बँकेत काम करणाऱ्या भगिनींनी तो आळीपाळीने घ्यावा. दर तीन महिन्यांनी एक वर्ग आयांसाठी आणि एक वडील व भावांसाठी असावा. घरातील पुरुषाला कळल्याखेरीज घरातील रीत बदलत नाही.

दुसरी : शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर मुलींची वर्षातून दोनदा रक्ततपासणी संस्थेच्या खर्चाने व्हावी. तिचा निकाल बंद पाकिटात मुलीच्या व आईच्या हाती द्यावा. तो फलकावर लागू नये आणि त्याची चर्चा ओसरीवर होऊ नये.

तिसरी : वधूवर-नोंदणीच्या अर्जातील 'वर्ण : गोरा, निमगोरा, सावळा' हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी जन्मतारखेच्या दाखल्याची अट घालावी. अठराच्या आतील मुलीचे व एकवीसच्या आतील मुलाचे नाव नोंदवून घेऊ नये. थॅलसेमियाच्या तपासणीची शिफारस त्याच अर्जावर छापावी.

चौथी : ती कडी पुढील रविवारच्या आत बसवावी. आणि पाळीच्या दिवसांत मुलींनी ज्ञातिगृहातील समारंभास येऊ नये, हा जो अलिखित नियम आपण पाळीत आलो आहोत, तो आजच्या सभेत विसर्जित करावा.

या चारांपैकी चौथीस खर्च जवळजवळ नाही, तिसरीस फक्त छपाईचा आहे. पहिल्या दोहोंस जो लागेल, त्याची सुरुवात म्हणून यंदाच्या हळदीकुंकवाच्या वाणाची रक्कम महिला शाखेने बाजूस ठेवली आहे. स्टीलची वाटी प्रत्येकीच्या घरी आधीच पुष्कळ आहेत.

मुलींनो, आता शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. तुमची उंची तुम्हांला ठाऊक असते, गुण ठाऊक असतात, भ्रमणध्वनीचा क्रमांक पाठ असतो. तसा हिमोग्लोबिनचा आकडाही ठाऊक असू द्या. दुखले तर सांगा, आणि पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. कोणी अंगास नकोसा हात लावला, किंवा तुमचे लग्न वयाआधी ठरू लागले, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक अहोरात्र चालू असतो. त्यावर बोलण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही.

त्या दिवशी भोवळ येऊन पडलेली मुलगी आज या सभागृहात आहे. तिच्या परवानगीवाचून आम्ही तिची हकीकत सांगितली नसती. तिने परवानगी दिली, पण एक अट घातली : माझे नाव घेऊ नका, मात्र माझ्या धाकट्या बहिणीची तपासणी कधी होणार ते व्यासपीठावरून विचारा. तो प्रश्न आम्ही तिच्या वतीने अध्यक्षांच्या चरणी सादर करतो, आणि त्याचे उत्तर पुढील संमेलनाची वाट न पाहता मिळावे, अशी नम्र विनंती करून आपली रजा घेतो.